दादाची स्वच्छ कॅसेट

आमच्या दादाला रेकॉर्डिंगचं खूळ होतं. कोपर गावातल्या घरात एक माईक, एक टेपरेकॉर्डर, आणि जोडाजोड अजिबात चालायची नाही. गाणं सलगच आलं पाहिजे. आई आमची धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नांत धवले गायची. दादा पंखा बंद करून तिला माईकसमोर बसवायचा. ती खोकली किंवा शेजारी कुकरची शिट्टी झाली, की अख्खी कॅसेट पुसून, पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करत म्हणायचा, "आई, पहिल्यापासून."

एकदा ती म्हणाली, "आज दमले रं बाला. उद्या गाते."

त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्याला मामीने कॅसेट लावायला सांगितली. आधी दादाचं "आई, पहिल्यापासून", मग तिचं "आज दमले रं बाला", आणि पुढे सगळी कोरी.

दादा स्पीकरला कान लावून म्हणाला, "पण खरखर जराही नाही बघ."