डेरेकची माइल्ड

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि ठिपक्यांच्या सोंगट्या खेळणाऱ्या आमच्या डॉमिनोज मंडळाच्या खमक्या चिटणीस श्रीमती बेरिल स्किडमोर, आजचे सत्कारमूर्ती आणि ‘नेलर्स आर्म्स’ या पबचे गेली सव्वीस वर्षं मालक असलेले श्री. डेरेक वेस्टवुड, त्यांच्या सहधर्मचारिणी मॉरीन, आणि एरवी खाली बारला कोपर टेकून उभ्या राहणाऱ्या, पण आज चक्क टाय लावून माडीवरच्या दालनात खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

बेरिलबाईंनी मला बजावलंय, “हॉरेस, दहा मिनिटं. आणि गोड बोल.” दहा मिनिटांचं वचन मी पाळीन. दुसऱ्या अटीचं काय होतं, ते तुम्हीच ठरवा.

सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे म्हटले तर ते खरेच आहेत, आणि मी ते हातचं न राखता सांगणार आहे. पिंपातली बिअर जिवंत असते, ती बाळंतिणीसारखी सांभाळावी लागते, हे डेरेकइतकं या पंचक्रोशीत कोणाला कळत नाही. पिंप तळघरात उतरलं की हा माणूस त्याला दोन दिवस कोणाला हात लावू देत नाही. गाळ खाली बसला पाहिजे, लाकडी खुंटीतून श्वास गेला पाहिजे, मगच नळ ठोकायचा. एकदा बेरिलबाईंच्या भावाच्या लग्नाची वरात दारात उभी होती आणि बिटर, म्हणजे आपली कडवट बिअर, अजून गढूळ होती. डेरेक म्हणाला, “नवरी थांबेल, बिअरला घाई करता येत नाही.” वरातीला लिंबूपाणी पाजलं पठ्ठ्यानं. नवरीनं त्याला अजून क्षमा केलेली नाही, पण तो भाग वेगळा.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील साखळीच्या कारखान्यात होते, आजोबा घरामागच्या भट्टीवर खिळे घडवायचे. दिवसभर आगीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाला चढणारी बिअर परवडत नाही, तहान भागवणारी लागते. म्हणून आपल्याकडे माइल्ड. रंगानं काळ्या चहासारखी, अंगानं हलकी, शेवटी जिभेवर जरा गोडसर. मी अठरा वर्षांचा असल्यासारखा दिसायला लागलो तेव्हापासून तीच पितोय. कुठे सतरा, कुठे अठरा, ते आज पोलिसांत सांगायची गरज नाही.

बाकीच्या पबना मी नावं ठेवत नाही हं. कालव्याच्या पुलाजवळच्या ‘बोट’मध्ये गवताच्या रंगाची बिअर मिळते, उन्हाळ्यात दुपारी ती घशाखाली उतरताना स्वर्ग दोन बोटं उरतो. टेकडीवरच्या ‘ओल्ड शेफर्ड’मध्ये शेगडीशेजारचा बाक आणि चीज-कांद्याचा गोल पाव, त्याला तोड नाही. तिथली गडद, कडक बिअर दोन ग्लासांत माणसाला कवी करते, तिसऱ्यात त्याची कविता ऐकवायला लावते. एडना, माझी बायको, असताना आम्ही रविवारी या दोन्ही ठिकाणी पायी जायचो. पण परत यायचो इथेच. का? कारण माइल्ड फक्त इथे उरली होती. एकेका पबनं बारवरचा तिचा बिअर ओढायचा दांडा काढून टाकला. म्हातारे मेले, पोरं फिकी, थंडगार लागर प्यायला लागली, आणि शेवटी अकरा वर्षांपूर्वी ती बनवणाऱ्या बिअरच्या कारखान्यानंच जाहीर केलं, की माइल्ड बंद.

तुम्हाला आठवत असेल, मी गप्प बसलो नाही. तीनशे सह्या गोळा केल्या. कारखान्याच्या फाटकावर फलक घेऊन उभा राहिलो, सलग नऊ दिवस. एडनाला जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलंही असेल. घरी बसून दोन कप मांडायचे आणि एक परत ठेवायचा, त्यापेक्षा फाटक बरं होतं.

आणि एका गुरुवारी डेरेकनं घंटा वाजवली, सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, “मंडळी, हॉरेस जिंकला. कारखान्यानं मानलं. माइल्ड चालू राहणार, पण फक्त आपल्यासाठी. बाहेर बोलायचं नाही, नाहीतर सगळेच मागतील.” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला खांद्यावर घेतलंत. पितळेचा बिल्ला करून आणलात, ‘माइल्डचा तारणहार’. तो मी रविवारी कोटाला लावायचो. आज लावलेला नाही, हे बेरिलबाईंच्या मघाशीच लक्षात आलंय.

त्यानंतर दर गुरुवारी नवीन पिंपातला पहिला ग्लास माझा. मी तो उजेडात धरायचो, एक घोट घ्यायचो, डोळे मिटायचो, आणि तुम्ही सगळे गप्प राहून माझ्या तोंडाकडे बघायचात. मी म्हणायचो, “हं. मागच्या आठवड्यापेक्षा जरा करपट आहे. कारखान्यानं जव जास्त भाजलाय.” डेरेक म्हणायचा, “तुझी जीभ म्हणजे जीभ आहे, हॉरेस.” हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली बघायची सवय राहत नाही.

आता मॉरीन, तुझी परवानगी असो वा नसो. बुधवारी मी डॉमिनोजला आलो की स्वयंपाकघरातून करपलेल्या साखरेचा वास यायचा. मी विचारायचो, “टॉफी करतेयस वाटतं?” तू म्हणायचीस, “नातवंडांसाठी, हॉरेस.” मंडळी, वेस्टवुड दांपत्याला मूलबाळ नाही. हे मला अकरा वर्षं ठाऊक होतं आणि अकरा वर्षं मी मान डोलावून डॉमिनोज वाटत होतो.

हसा, हसा. मीही मंगळवारपर्यंत हसलो असतो.

मंगळवारी काय झालं? समितीनं मला भेटवस्तूचं काम दिलं होतं. मला वाटलं, माइल्डच्या दांड्यावर असतो तो रंगीत बिल्ला कारखान्याकडून नवा मागवावा आणि लाकडावर बसवून डेरेकला द्यावा. पत्र लिहिलं. उत्तर आलं, मिस लॉइड म्हणून कोणी बाई आहेत कचेरीत, फार सभ्य अक्षर. त्या लिहितात, “आपली माइल्ड आम्ही अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये कायमची बंद केली. नवा बिल्ला नाही, पण गोदामात एक जुना सापडला, तो सोबत पाठवते आहे.”

मी पत्र घेऊन तळघरात गेलो. डेरेक पिंपापाशी होता. त्यानं पत्र वाचलं, घडी घातली, माझ्या हातात परत दिलं.

“कशी करायचास?” मी विचारलं.

“सगळ्यात हलकी बिटर घ्यायची. मॉरीनचा साखरेचा पाक ओतायचा. दोन बाटल्या.”

“का?”

“एडना नुकती गेली होती. तू तिच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतास, नुसतं माइल्ड, माइल्ड. मला वाटलं, हीपण गेली तर हा माणूस घराबाहेर पडायचाच बंद होईल.”

मंडळी, मी खोटं बोलणार नाही. कदाचित त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तो पाक मी त्याला केव्हाच माफ केला. आज इथे उभा राहून मी जे बोलतोय ते पाकाबद्दल नाही.

ते सिरिलबद्दल आहे.

नाव काढताच पाहा, किती जणांना बुटांची नाडी बांधायची आठवण झाली. जे नवे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. सिरिल रेबोल्ड. कारखान्याच्या गाडीवरून वीस वर्षं पिंपं उतरवली त्यानं. डॉमिनोजमध्ये चौतीस वर्षं माझा भिडू. माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा, एडनाच्या शवपेटीला पुढून उजवा खांदा त्याचा. आठ महिने तो तुमच्यासारखाच, सगळं ठाऊक असून, मूग गिळून बसला होता. मग एका संध्याकाळी, हातातला डॉमिनो खाली ठेवून हळूच म्हणाला, “हॉरेस, मला हे सहन होत नाही रे. ही माइल्ड नव्हे. तुला बनवतायत.”

मी काय म्हणालो, ते तुम्ही ऐकलंत. मी म्हणालो, “बिल्ला मला मिळाला म्हणून तुझ्या पोटात दुखतंय.” तो म्हणाला, “डेरेकला विचार की.” मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, “डेरेक, ही माइल्ड आहे की नाही?”

डेरेक ग्लास पुसत होता. पुसत राहिला. आणि म्हणाला, “माइल्डच आहे.”

मग मी ओरडलो. एक तर हा इथे राहील नाही तर मी, असं म्हणालो. आणि डेरेकनं बारवरच्या आकड्याला टांगलेला सिरिलचा जस्ताचा मग काढला आणि त्याच्या हातात दिला. इथे मग हातात देणं म्हणजे पुन्हा या दारात यायचं नाही, हे कोणाला सांगायला नको. त्या संध्याकाळी खाली एकोणीस माणसं होती. मी रात्रंदिवस तेच मोजत बसलोय म्हणून आकडा पाठ आहे. एकोणीसपैकी एकानंही मान वर केली नाही. सिरिलनं तो मग कोटाखाली घेतला, बाहेर जाताना दार नीट लावून घेतलं, वारा आत येऊ नये म्हणून.

तळघरात मी डेरेकला विचारलं, “आणि सिरिल?” तो म्हणाला, “तेव्हा खरं बोलायला उशीर झाला होता.” मी म्हटलं, “आठ महिन्यांचा?” तो म्हणाला, “तू ओरडत होतास, हॉरेस. सगळे बघत होते.”

डेरेक, अरे, मी ओरडत होतो तेव्हाच तर तू खरं बोलायचं होतंस. गोड पाजून केसानं गळा कापलास माझा, आणि तोही माझ्याच हातानं दुसऱ्याचा कापून घेऊन. आणि तुम्ही सगळे, माझे शेजारी, माझे सोबती. दहा वर्षं मी बाजारात सिरिल समोरून आला की पदपथ बदलायचो, आणि तुमच्यातलं कोणी ना कोणी माझ्या सोबत चालत असायचं. आळीमिळी गुपचिळी. मला मूर्ख बनवलंत याचं एक वेळ दुःख नाही. मला दुष्ट बनू दिलंत, त्याचं आहे.

कोणी म्हणेल, खाल्ल्या घरचे वासे मोजतोय. मोजतोय. इतकी वर्षं ज्या छताखाली बसलो त्याचे वासे मी नाही तर कोणी मोजायचे?

बुधवारी मी सिरिलकडे गेलो. चॅपलच्या पुढे चौथं दार. त्यानं उघडलं. म्हातारा झालाय फार. मागे ओट्यावर तो मग दिसला, त्यात चमचे ठेवलेत. मी पत्र पुढे केलं. त्यानं चष्मा शोधून आणला, सगळं वाचलं, मिस लॉइडची सहीसुद्धा वाचली. मग म्हणाला, “म्हणजे पत्र आलं म्हणून आलास.”

मी म्हटलं, “सिरिल, मी चुकलो.”

“तू कधी न पाहिलेल्या बाईच्या कागदावर विश्वास ठेवलास, हॉरेस. मी तुझ्यासमोर बसलो होतो. आणि डेरेकनं मला काढलं असं म्हणू नकोस. त्यानं नुसता मग दिला. काढलंस तू.”

दार आपटलं नाही त्यानं. नीट लावलं. मी बराच वेळ पायरीवर उभा होतो. आतून चमच्यांचा आवाज येत होता, जेवायची वेळ झाली असावी.

असो. दहा मिनिटं होत आली, बेरिलबाई घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघतायत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

डेरेक, समितीच्या वतीनं ही भेट स्वीकार. माइल्डच्या दांड्याचा बिल्ला, लाकडावर बसवलेला. हा खरा आहे. तळघराच्या कामाबद्दल, थंडीच्या रात्री माझ्यासाठी पेटवलेल्या शेगडीबद्दल, एडनाच्या आठवणीच्या दिवशी न विचारता समोर ठेवलेल्या मटार आणि मांसाच्या गोळ्यांच्या वाडग्याबद्दल मी तुझे आभार मानतो. मॉरीन, तुझेही. पाक उत्तम असायचा, करपट आठवडे सोडले तर. सभेनं मला बोलू दिलं, मध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही, त्याबद्दल आभार.

भाषणाच्या शेवटी बोलण्यातल्या उण्याअधिकाची माफी मागायची पद्धत आहे. पण तुम्ही माफ करून माझं भागणार नाही. ज्यानं करायची तो या दालनात नाही, कारण त्याला या घरात यायला बंदी आहे. ती मी मागितली, डेरेकनं दिली आणि तुम्ही चालू दिलीत. सोमवारी किल्ल्या नव्या मालकाकडे जातील. तोवर इथे कोणी यायचं आणि कोणी नाही, हे डेरेकच ठरवतो. डेरेक, खाली आकडा अजून रिकामा आहे. माझ्याबरोबर चल आणि सिरिलच्या दारात उभा राहून, दहा वर्षांपूर्वी जे चार शब्द तुझ्या तोंडातून निघाले नाहीत ते म्हण. ‘ती माइल्ड नव्हती, सिरिल.’ तो ऐकेल की दार लावेल, मला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी जे खाली होते त्यांनीही यायला हरकत नाही. केक थांबेल.

मी कोट घातलेलाच आहे. मी निघतो. मागे वळून बघणार नाही, जिना लाकडी आहे, कोण येतंय ते मला ऐकू येईल.