लंबूचे बूट

बसमध्ये तिच्या पुढच्या बाकावर दोन तरुण बसले होते. लष्करातून सुटून आले, तरी केस अजून तसेच बारीक कापलेले. तिने महिन्यापूर्वी गेलेल्या वडिलांचा कोट घातला होता, बाह्या दुमडून.

"सोमवारी कॉलेज. सर म्हणाले, राहिलेलं वर्ष पूर्ण करा."

"आधी लंबूच्या आईला भेटू."

"तू वर जा. मी खाली थांबतो."

"लढाईवरून आलास जाड्या, आणि एका बाईला घाबरतोस?"

"माझ्या पायात बघ."

"बूट आहेत."

"लंबूचे आहेत. सरकारी बूट त्याला चावायचे, म्हणून आईने घेऊन दिलेले. माझे फाटले होते. मी पहाऱ्यावर निघालो, तर म्हणाला, माझे घालून जा."

"कॉलेजात कधी पेन दिलं नाही त्याने."

"माझंच न्यायचा. मी पहाऱ्यावर असताना आमच्या तंबूवर गोळा पडला, तो आत होता. अनवाणी गेला रे तो. त्याची आई बूट ओळखेल. काय सांगू तिला?"

"काढ मग. माझ्या पिशवीत चपला आहेत, त्या घाल."

जाड्या वाकून लेस सोडू लागला.

"काढू नकोस," मागच्या बाकावरून ती म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"तुम्ही लंबूच्या आईला ओळखता?"

"नाही. पण ते बूट चालताना दिसू देत तिला."

तिने कोटाची सुटलेली बाही पुन्हा दुमडली. बस थांबली. जाड्याने लेस घट्ट बांधली आणि तो उठला.

"चल. दार मी वाजवतो."