कविमोशाय साडी नेसले तेव्हा

(बंगालच्या बीरभूममधलं एक लहान गाव. गावात शाळा काढणाऱ्या थोर कवीच्या, सगळ्यांच्या ‘कविमोशायां’च्या, म्हणजे कविमहाशयांच्या, जयंतीची आदली दुपार. ऐंशी वर्षांच्या हेमांगिनीदी लहानपणी कविमोशायांच्याच शाळेत शिकल्या आणि पुढे तिथेच शिकवू लागल्या. पुलकेश हा जयंती-समितीचा सचिव, त्यांचा जुना विद्यार्थी.)

हेमांगिनी : हे भाषण मी वाचणार नाही. “साक्षात तेजःपुंज सूर्य”! कुणी लिहिलंय हे?

पुलकेश : मी, दीदी.

हेमांगिनी : तरीच. निबंधातसुद्धा असाच फुगायचास.

पुलकेश : उद्या मंत्रिमहोदय येणार आहेत. कविमोशायांना प्रत्यक्ष पाहिलेलं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. चार आदराचे शब्द बोला, एवढीच विनंती.

हेमांगिनी : मी साडीची गोष्ट सांगणार.

पुलकेश : कसली साडी?

हेमांगिनी : कविमोशाय नेसले होते ती.

पुलकेश : अहो, हळू! बाहेर मंडपवाले आहेत.

हेमांगिनी : ऐकू देत की. बस, मूठभर मुरी-चुरमुरे खा. वांग्याची ही बेगुनी आत्ताच तळलीय, गरम आहे. तर मी होते दहा वर्षांची. शाळेच्या नाटकात मला राजकन्या केलं होतं. बाबा गावचे पुरोहित. म्हणाले, भट्टाचार्यांची लेक लोकांपुढे नाचायची नाही. नाटक बंद, शाळाही बंद.

पुलकेश : मग?

हेमांगिनी : मग कविमोशाय स्वतः आमच्या अंगणात येऊन बसले. सत्तरीचा माणूस, भर उन्हात चालत आलेला. अख्खी दुपार समजावलं. बाबा काही बधेनात. शेवटी कविमोशाय उठले, म्हणाले, “ठीक आहे, भट्टाचार्यमोशाय. पण नाटक बघायला तरी या.”

पुलकेश : आले?

हेमांगिनी : आले. माझं मनगट घट्ट धरून बसले. पडदा वर गेला आणि राजकन्या आली. लाल काठाची साडी, डोक्यावर ओढणी, आणि छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी!

पुलकेश : अरे देवा!

हेमांगिनी : हस, हस. तेव्हाही सगळं गाव खो खो हसलं. ते मात्र हसले नाहीत हं. राजापुढे गुडघे टेकून विचारत राहिले, “बाबा, मी बाहेर गेले तर तुमचं काय हरवेल?” असं काही विचारलं, की हळूहळू सगळ्यांचं हसणं विरत गेलं.

पुलकेश : आणि तुमचे बाबा?

हेमांगिनी : माझं मनगट सोडलं. कानात म्हणाले, “जा, उठव त्या म्हाताऱ्याला. गुडघे दुखत असतील त्याचे.”

पुलकेश : गेलात तुम्ही?

हेमांगिनी : पळत! अनवाणी. कविमोशायांनी आपली ओढणी काढून माझ्या डोक्यावर टाकली. पुटपुटले, “किती उशीर, राजकन्ये! दाढीत घाम साचला की.” आणि साडी सावरत आत गेले.

पुलकेश : दीदी, तो कागद द्या इकडे. उद्या हेच सांगा.

हेमांगिनी : आणि मंत्री?

पुलकेश : रागावले तर रागावले. फार तर मला सचिवपदावरून काढतील.

हेमांगिनी : काढलं तर बरंच. गाव तुझ्या भाषणांतून सुटेल.

पुलकेश : बरं, घरी गेल्यावर बाबांनी काय केलं?

हेमांगिनी : सकाळी उठले, माझ्या धाकट्या बहिणीची वेणी घातली, वेडीवाकडीच, आणि तिचं बोट धरून निघाले. शाळेत नाव घालायला.