घराण्याची चाल

— नाही, नाही, आत नका जाऊ भाऊ, आधी इथं ओट्यावर बसा, चहा घ्या, पायाचं माप काय पळून चाललं? जळगावहून आले तुम्ही, आमच्या सुनेनं बोलावलं म्हणून आले, तुमचा काय दोष — पण भाविका माझी नात आहे, अन् एवढ्याशा पोरीच्या पायांले प्लास्टिकचे पट्टे बांधायचे, तर आजोबाले विचारावं का नाही? नाही विचारलं. कायले पट्टे? तर शाळेत पडते म्हणून. पोरं पडतातच ना!

तिची चाल पाहा तुम्ही — गुडघा चांगला वर उचलते, मग पाऊल टाकते. ती आमच्या घराण्याची चाल आहे. आमच्या साऱ्या सावदा गावात विचारा. वरातीत मागून पाहून लोक सांगायचे, हा जीवराम नानाच्या, म्हणजे माझ्या घरचा. आबा, म्हणजे माझे वडील, असेच चालायचे, मी असाच, माझा मोठा नवीन असाच — या पोरीचा बाप. धाकटा योगराज तेवढा चारचौघांसारखा चालतो. त्याले आम्ही लहानपणापासून हसलो, हा काही घराण्यावर गेला नाही म्हणून.

अन् तो डॉक्टर! पोरीच्या पायांले करंट लावला, मशिनवर पाहिलं, अन् म्हणे हा आजार आहे. म्हणे मेंदूचा निरोप नसांमधून पायापर्यंत सावकाश जातो, वाटेतच विरतो, नसांवरचं आवरण जन्मापासून कच्चं. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीचं रबर गेल्यासारखं — मले केळीच्या बागेवाला पाहून तसं सांगितलं असेल. पंजा वर उचलत नाही, म्हणून सारा गुडघा उचलावा लागतो. अन् हे बापाकडून आलं म्हणे. नवीनकडून, म्हणजे माझ्याकडून, म्हणजे आबांकडून. अन् योगराज? घरात तोच तेवढा धडधाकट. घ्या!

पाय बधिरही होतात म्हणे. आता आबांचं सांगतो — शेकोटीशी बसले होते, टाच निखाऱ्यावर, कातडी जळाल्याचा वास लोकांले आला, आबा आपले केळीच्या भावाचं बोलत बसले. सारं गाव म्हणे, काय हिमतीचा माणूस! तो पण आजारच का? मग आमच्याजवळ उरलं काय?

पोरीनं मले विचारलं होतं, शर्यतीत पडली त्या दिवशी — नाना, माझे पाय माझं ऐकत का नाहीत? मी म्हटलं, मोठ्या घराण्याचे आहेत बाई, कोणाचंच ऐकत नाहीत. ती हसली नाही. मी हसलो.

काय? माझी एक चप्पल? बागेत राहिली असेल. निघून जाते, कळत नाही — म्हणजे लक्ष नसतं माझं. बसा, उठू नका, मीच चालून दाखवतो तुम्हाले. हे पाहा, दारापर्यंत — कसा गुडघा वर, कशी मान ताठ — आहे का कुठं आजार? अन् आता हा परत आलो… तुम्ही फरशीकडं कायले पाहू ऱ्हायले?

लाल? पोरीनं रंग सांडला असेल. नाही? माझ्याच पायाचे ठसे? थांबा, बसू द्या मले… खिळा आहे. पार आत गेला. बागेतूनच आणला म्हणजे, अन् इथं तुमच्याशी बोलत बसलो… नाही हो, दुखत नाही. दुखतच नाही ना, भाऊ. तेच तर.

भाविका, तू बाहेर नको येऊ! तिथंच थांब! अनवाणी आहेस का? चप्पल घाल आधी!

तुम्ही असे बसले काय? माझ्याकडं नका पाहू. मधल्या खोलीत आहे ती. जा, माप घ्या तिचं. दोन्ही पायांचं.