लिफ्ट म्हणणारा आवाज

नाव : मोठीआई (कागदावरच्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नाही)
वय : पंचाहत्तरच्या आसपास
धंदा : घरकाम, आणि सुनेच्या शिकवणीत फी न देता बसणे
पत्ता : बाजारामागची चार मजली इमारत, तिसरा मजला

समक्ष हजर राहून सांगते की, मला अक्षरओळख नाही. माझी सून पुढच्या खोलीत परदेशचे फोन घेणाऱ्या मुलामुलींना बोलायला शिकवते. एका देशात लिफ्ट, दुसऱ्यात एलिव्हेटर. इथे बिस्कीट, तिथे कुकी. कोणी वॉटर म्हणतो, कोणी वॉडर. सहा वर्षे वाटाणे सोलता सोलता मी हेच ऐकते आहे. माझा बावीस वर्षांचा नातू तिचा सगळ्यात तयार विद्यार्थी.

आज सकाळी अकराच्या सुमारास मी वरच्या मजल्यावरील निवृत्त मास्तरीणबाईंकडे बसले असता त्यांना एका अनोळखी इसमाचा फोन आला. बाईंना कमी ऐकू येते, म्हणून स्पीकर लावलेला होता. इसम इंग्रजीत म्हणाला, तुमची मुलगी राहते तिथल्या इस्पितळातून बोलतोय. ती अपार्टमेंटच्या एलिव्हेटरमध्ये पडली, शुद्धीवर नाही. उपचाराचे पैसे भरायचेत, मोबाईलवर आलेला नंबर ताबडतोब सांगा. बाईंची मुलगी परदेशी असते; बोलणे थेट तिकडचे होते.

बाईंनी नंबर सांगितला आणि छाती धरून खाली बसल्या. त्यांना धाप लागली. तेव्हा इसम गडबडला. म्हणाला, आधी वॉटर प्या. जिना नको, लिफ्टने खाली जा, गुडघे सांभाळा. या वेळी वॉडरही नाही आणि एलिव्हेटरही नाही. बाईंना मी धरायला हवे होते. मी फोनकडेच बघत राहिले.

बाईंना शेजाऱ्यांनी इस्पितळात नेले. मुलगी सुखरूप आहे, तिचा स्वतःचा फोन आला. हे बाईंना अजून सांगता आलेले नाही, त्या डोळे उघडत नाहीत.

इथे चौकीत साहेबांनी विचारले, "आजी, लिहिता-वाचता येत नाही, मग कुठलं इंग्रजी कुठलं ते कसं ओळखता?" मी म्हटले, "दारात कोण आलं ते मला पावलांवरून कळतं बाबा, पाटी वाचून नाही."

बाईंना नेल्यावर मी आधी घरी गेले. सून शिकवत होती. नातू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. "काय रे, आज कुठल्या देशात आहेस?" असे रोजच्यासारखे विचारणार होते. त्याआधीच तो म्हणाला, "आजी, बाई बऱ्या आहेत ना?"

मी तोवर घरात कोणाला काही सांगितले नव्हते. लहानपणी दुपारचा तो बाईंकडेच झोपायचा. मी काढलेली चप्पल पुन्हा घातली आणि इथे आले. सून अजून शिकवत असेल.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सगळे माझ्याच तोंडचे आहे, दोन शब्द सोडून. 'अनोळखी इसम' हे त्यांचे. तेवढे खोडून तिथे 'माझा नातू' लिहावे. मग अंगठा देते.