उंदरांची पंगत

...नाही, मला सांगा, आनंदाची बातमी ऐकून कुणी डोक्याला हात लावतं का? मी लावला! तपासणीवाला फोनवर म्हणतो, "मॅडम, अभिनंदन, तुमच्या सगळ्या उंदरांचं कोलेस्टेरॉल खाली आलंय," आणि मी इकडं मटकन खुर्चीत. सगळ्या? सगळ्यांचं कसं? अहो, निम्म्यांचं वर राहायला हवं होतं!

थांबा, नीट सांगते. मी शालन. तळेगावच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते आणि पंचेचाळिशीत पीएचडी करते. करते म्हणजे काय, ती होत नाही, मी करत राहते. माझी गाइड कोण, तर तेजल, माझीच जुनी विद्यार्थिनी! तिच्या जर्नलवर मी लाल पेनानं 'अक्षर सुधार' लिहायचे, आता ती माझ्या प्रबंधाच्या प्रकरणांवर लिहिते, 'मॅम, भाषा सुधारा.' त्यात कॉलेजनं बजावलंय, ह्या मुदतीत पीएचडी नाही झाली तर पुढच्या वर्षीपासून तासावर शिकवा. तासावर! एवढं आयुष्य खडूत घालवल्यावर! आणि हे सगळं कशावर लटकलंय? उंदराच्या कोलेस्टेरॉलवर!

प्रयोग तसा साधा. मळवलीच्या डोंगरातली भारंगी आणायची, तिच्या पाल्याचा अर्क काढायचा. उंदरांना आधी वनस्पती तूप चारून चारून कोलेस्टेरॉल चढवायचं, मग निम्म्यांच्या खाद्यात अर्क कालवायचा, निम्म्यांना तसंच ठेवायचं. अर्कवाल्यांचं उतरलं आणि बिनअर्कवाल्यांचं चढलेलंच राहिलं, की म्हणायचं, गुण भारंगीचा. पण सगळ्यांचंच उतरलं तर? तर गुण कशाचाही! हवेचा म्हणा! लोणावळ्याच्या बाजूला माणसं हवेसाठीच येतात की!

बरं, माझा जीव काय फक्त उंदरांत अडकलाय? माझं स्वतःचं कोलेस्टेरॉल दोनशे बेचाळीस! मी ओट्स खाते, दुधी पिते, जिन्यानं चढते, धापा टाकते... आणि आमचे संदेशराव? कंपनीतून येताना वडापाव, रविवारी लोणावळ्याची चिक्की, पोळीवर तूप असं की पोळी पोहायला लागावी. आणि परवा ह्यांचा रिपोर्ट नॉर्मल! नॉर्मल! वर मलाच ज्ञान, "शालन, मी मनाला लावून घेत नाही ना काही." जी बाई दिवसभर उंदराच्या कोलेस्टेरॉलवर जगते, तिला हे ऐकवतात. पण माणूस प्रेमळ हो. मी डबा विसरते, तर दुसरी पाळी असली की स्वतः कॉलेजात आणून देतात. मी वर्गात असते, म्हणून भिकाजीआबांकडं ठेवतात. मी मैत्रिणींना सांगायचे, लग्नाला वीस वर्षं झाली तरी बघा!

तर भिकाजीआबा. हे आमच्या प्राणिघराचे राखणदार, मळवलीचेच, उंदरांना नातवंडांसारखं जपतात. मी फोन ठेवला आणि तशीच पळत खाली गेले.

"आबा, हिरव्या डब्यातलं अर्काचं खाद्य कुणाला घालत होता?"

"समद्यास्नी."

"आणि पांढऱ्या डब्यातलं?"

"त्ये बी समद्यास्नी. दोनी मिसळून."

"अहो आबा! अर्क फक्त डावीकडच्या पिंजऱ्यांना होता ना!"

तर माणूस उभाच राहिला की हो! "म्याडम, गावजेवनात मी वाढपी हाय. माझा बाप वाढपी व्हता. पंगतीत डाव्या अंगाला बुंदी वाढायची आन् उजव्या अंगाला नुसता भात? आसला पंक्तिप्रपंच आमच्या घरान्यात कुनी केला न्हाई! उजवीकडची कशी बघत बसायची, तुमी बघितलंय का कदी? पाक मिशा खाली!"

मला आजारी उंदीर हवेत हो, असं ओरडणार? ओरडलेच. आबा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच मांजर.

मग म्हणाले, "आन् म्याडम, गुन लय चांगला हाय बरं का. बाटलीतला उरल्याला आर्क मी बी घेतो गूळ घालून. शिपाई घेत्यात. प्राचार्य सायेब बी आर्दा कप घेऊन जात्यात."

"प्राचार्य?"

"व्हय. आन् तुमचं मालक तर कदी चुकत न्हाईत. डबा ठेवला की कप घेतला."

डबा! म्हणजे ते प्रेम... म्हणजे वीस वर्षं... जाऊ दे. म्हटलं, "आबा, सगळ्यांना वाढलंत... मग मला?"

तर काय म्हणावं? "आवो, तुमी यजमानीन! यजमानीन शेवटाला बसती. तवर रोज सरायचं, त्याला मी काय करू?"

तेजलला फोन लावला. सगळं ऐकून ती हळूच, "मॅम, आपण मुदतवाढ मागू. पण कारण काय लिहायचं?"

म्हटलं, "लिही, आमच्याकडं पंक्तिप्रपंच होत नाही."

"मॅम, जोक नको. आठवा ना, तिथं अर्क न मिळालेला एकही प्राणी नाहीये का?"

"आहे ना," म्हटलं. "एक आहे. मादी. वय पंचेचाळीस. औषधाचा थेंब नाही, आणि कोलेस्टेरॉल अजून जागच्या जागी."

तर ती पोरगी, माझीच विद्यार्थिनी, काय म्हणाली असेल?

"अय्या मॅम, सही! फक्त प्रयोग परत होईपर्यंत काही घेऊ नका हं!"

झालं. परत उंदीर, परत वनस्पती तूप, परत भारंगी. आबांना शपथ घातलीय, उजवीकडं अर्क वाढायचा नाही. ऐकलं त्यांनी. पण जाताना प्राणिघरातल्या माझ्या टेबलावर उघडलेल्या डब्याकडं एकदा बघितलं, उजवीकडच्या पिंजऱ्यांकडं एकदा बघितलं, आणि माझी खुर्ची उचलून त्या रांगेत नेऊन ठेवली.

म्हणाले, "बसा. एकटी कशाला जेवता?"