बाराच्या भोंग्याची भाकर

वडवणीच्या स्टँडवर सारजाबाई बसची वाट बघत होती. शेजारी एक म्हातारी, ऊसतोडीला परत निघालेल्या सुनेला पोचवायला आलेली.

"आत्याबाई, शाळेच्या मधल्या सुट्टीत माझी चिमी खाती का नीट?" सुनेनं सासूला विचारलं.

"लई आवडीनं. राजगिऱ्याचा लाडू देतेत."

"कारखान्याचा बाराचा भोंगा झाला की मी उसाच्या फडात भाकर सोडते. तवाच तिची सुट्टी. दोघी संगंच खातो, म्हणायचं."

"आगं, शाळेच्या हिरीचं पाणी आटल्यापून शाळा सकाळची झाली. बाराला ती घरी असती."

"कवापून?"

"संक्रांत झाली अन् लगीच."

बस लागली. सारजाबाईनं त्या सुनेचं बोचकं वर चढवलं. सून खिडकीतून वाकली.

"आत्याबाई, बाराला तिला घासभर देत जा."

"भूक नसती गं तिला तवा."

"नसू द्या. घासभरच."